पुठ्ठ्यावरची जागा

मोटारसायकलला लोक अजून फटफटीच म्हणत, त्या काळची ही गोष्ट. गुलाब मेस्त्रींनी एका फटफटीचा गिअरबॉक्स दुरुस्तीसाठी उतरवला. निघालेला प्रत्येक बोल्ट त्यांनी एका पुठ्ठ्यात खोचून ठेवला, गिअरबॉक्सवर जो जिथं होता, पुठ्ठ्यावरही तो तिथंच.

पुढं दर्शनी जागेवर होता बुटका बोल्ट आणि मागं कोपऱ्यात लांबडा. मेस्त्री जेवायला गेले तसा लांबडा गुरगुरला, "एवढा उंचापुरा मी अडगळीत, आणि हा टिंगू पुढं मिरवणार? ऊठ तिथनं!"

"बस की बाबा," बुटका हसत उठला. "पण गिअरबॉक्सचं भोक काही तुझी उंची बघून खोल होणार नाही."

मेस्त्री परतले. त्यांनी नवा गिअर बसवला, झाकण लावलं आणि पुठ्ठ्यावर भरवसा ठेवून लांबड्याला पुढच्या भोकात फिरवायला घेतलं. त्याचं टोक लगेच तळाला टेकलं. डोकं मात्र बोटभर बाहेरच!

"आवळा मेस्त्री, जोर लावा!" लांबडा ओरडला.

"नका हो, मला तडा जाईल!" गिअरबॉक्स कळवळला.

मेस्त्रींचा हात जागीच थांबला. "तू इथला नव्हेस रे," म्हणत त्यांनी लांबड्याला काढून मागं बसवलं. पुढं बुटका अलगद, शेवटच्या आट्यापर्यंत उतरला.

सगळं आवळून झाल्यावर लांबड्यानं चोरून पाहिलं. बाहेरून तर सगळ्यांची डोकी सारखीच दिसत होती. त्यानं खाली मान घातली.

तेवढ्यात पुढून बुटक्याची हाक आली, "मागची बाजू घट्ट धर रे दादा. तिथं मी पुरलो नसतो."