कडबोळ्याएवढा तारा

एका उघड्याबोडक्या डोंगरावर, दुर्बिणीच्या घुमटाशेजारी, एके काळी एक वृद्ध आचार्य राहत असत. त्यांच्या शिष्येने मोठे हट्टाचे काम हाती घेतले होते. दूरच्या एका ताऱ्याला अगदी चिकटून फिरणारा, लोखंड वितळावे इतका तापलेला एक ग्रह होता. त्याच्या हवेचे तापमान तिला मोजायचे होते. असा ग्रह ताऱ्यापासून वेगळा दिसत नाही. मात्र फिरता फिरता तो ताऱ्याआड जातो, त्याला ग्रहण लागते, आणि तेवढा वेळ दोघांच्या एकत्र प्रकाशातून ग्रहाच्या उष्णतेचा वाटा वजा होतो. ही घट हजारात दोन-तीन भागांची. ती हाती लागली की त्या परक्या हवेचा ताप कळतो.

अडचण अशी की उष्णतेच्या या अवरक्त प्रकाशात आपली हवा, घुमट, स्वतः दुर्बीण, सगळेच झळकत असते. त्या झळाळीत ग्रहाची चिमूटभर ऊब शोधायची. शिष्येची दोन ग्रहणे अशीच वाया गेली होती. आकडे नुसते नाचत राहिले.

मग राजधानीतून एक मोठे विद्वान तपासणीला आले. ‘हे होणार नाही’ असे सांगताना काही विद्वानांना जो आनंद होतो, तो मला कधीच सहन झालेला नाही. हेही त्यातलेच.

“जमिनीवरून हे जमायचं नाही,” ते म्हणाले. “हवेच्या वर, अवकाशात दुर्बिणी आहेत. त्यांना करू द्या. दुर्बिणीवरचं हे कॅमेऱ्याचं यंत्र उद्या खाली उतरवू.”

“आज ग्रहण आहे,” शिष्या म्हणाली. “एवढं एक पाहू द्या.”

“पाहा की,” विद्वान म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

अंधार पडताच शिष्येने तारा सुईच्या टोकासारखा बारीक, स्वच्छ करून पडद्यावर आणला. मागून आचार्य आले आणि एक शब्दही न बोलता त्यांनी दुर्बिणीचा फोकस फिरवला. तारा फुगला, विस्कटला आणि मधे भोक असलेल्या कडबोळ्यासारखा झाला.

विद्वान खो खो हसले. शिष्येच्या डोळ्यांत पाणी आले.

“आचार्य, हे काय केलंत? माझं शेवटचं ग्रहण आहे हे!”

तिने फोकसकडे हात नेला, तो आचार्यांनी धरला. “राहू दे. आता काहीही हलवायचं नाही.”

ती संतापली होती, तरी बसून राहिली. उठून गेली असती तर यंत्राबरोबर तिचे कामही डोंगर उतरले असते.

सकाळी आलेख तयार झाला. ग्रह आड जायच्या वेळी प्रकाश किंचित खाली उतरला होता, तिथेच टिकला होता आणि ग्रह बाहेर येताच पुन्हा वर चढला होता. तुलनेसाठी शेजारचा एक ताराही घेतला होता, तोही कडबोळेच; त्याच्या प्रकाशात असा उतार नव्हता. शिष्या आलेखाकडे बघतच राहिली.

आचार्य म्हणाले, “तुझे वाया गेलेले आकडे मी आठवडाभर चाळले. बारीक तारा कॅमेऱ्याच्या दोन-चार कणांवरच, म्हणजे पिक्सेलांवरच, पडत होता. कुठल्याही दोन कणांचा स्वभाव सारखा नसतो. तारा जरा थरथरला की प्रकाश कमी-जास्त भासायचा, आणि त्या गोंधळात ग्रहाची ऊब बुडून जायची. काल तोच प्रकाश हजारो कणांवर पसरला. एकेकाचा लहरीपणा बाकीच्यांत जिरला. उरली हवा, ती शेजारच्या ताऱ्यालाही तेवढीच छळते, म्हणून त्याला साक्षीला ठेवलं. चित्र बिघडलं, पण मोजमाप सुधारलं. पोरी, ही हवा आपल्याला सोडून जाणार नाही. आपणही तिला भिऊन जायचं नाही.”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं, तर तू पाहुण्यांची परवानगी मागत बसली असतीस.”

विद्वान घसा खाकरत म्हणाले, “योगायोगही असेल. यंत्र तर उतरवावं लागेलच.”

शिष्या उठून दुर्बिणीला पाठ लावून उभी राहिली. काल भरून आलेले तिचे डोळे आता कोरडे होते.

“हा ग्रह परवा पुन्हा लपणार आहे,” ती म्हणाली. “तुम्ही थांबा, मी पुन्हा मोजून दाखवते. दुसऱ्यांदाही योगायोग म्हणालात तर तिसऱ्यांदा मोजेन. तोवर यंत्र उतरवायचं असेल तर माझ्यासकट उतरवा.”

विद्वानांनी तिच्याकडे पाहिले, आचार्यांकडे पाहिले. आचार्य चष्मा पुसत होते. शेवटी विद्वानांनी यंत्र न्यायला आलेली गाडी परत पाठवली.

तिसऱ्या दिवशी अंधार पडला. शिष्येने तारा पडद्यावर आणला आणि क्षणभर तशीच थांबली. मागच्या खुर्चीतून विद्वानांचा अधीर आवाज आला, “बाई, अजून बारीकच दिसतोय. बिघडवायचा नाही का?”

ती हसली आणि तिने फोकस फिरवला.

हवा निवळण्याची वाट पाहणाऱ्यांनी खुशाल पाहत बसावे. आपण मात्र आहे त्याच हवेखाली बसून मोजायला लागावे.