दर माणशी दोन भाकऱ्या

राजा भानुदेवाने सरकारी कोठाराला कुलूप लावलं, आणि तेही आनंदाच्या भरात.

झालं असं, की दोन वर्षं पावसाने दगा दिला होता, म्हणून गोरगरिबांना कोठारातून ज्वारी मिळत असे. पण आपली प्रजा खरोखर कशी जगते ते एकदा नीट पाहावं, असं राजाच्या मनात आलं. प्रधानाने गावोगाव कारकून धाडले. त्यांनी घरोघरी विचारलं, तुमच्याकडे रोज किती भाकऱ्या होतात? सगळ्या राज्याच्या भाकऱ्यांची बेरीज झाली, तिला माणसांनी भागलं, आणि प्रधान दरबारात म्हणाला, "महाराज, दर माणशी दोन भाकऱ्या पडतात. राज्यात उपाशी कुणी नाही."

राजा खूश झाला. उपाशीच कुणी नाही, तर कोठार उघडं कशाला ठेवायचं?

कोठार बंद झाल्याची दवंडी मोहाच्या वाडीत पोचली तेव्हा धाकू नावाड्याची नाव वाळूत पालथी पडलेली होती. नदी इतकी आटली होती की लोक घोटाभर पाण्यातून चालत पलीकडे जात. नावाड्याला विचारतो कोण?

त्याच्या मुलीने, येसूने विचारलं, "बा, त्या कारकुनाला तू काय सांगितलंस?"

"दारी आलेल्या परक्या माणसापुढं काय रडायचं? म्हटलं, देवाच्या दयेनं सगळं आहे."

येसूने पदर खोचला आणि राजधानीची वाट धरली.

भानुदेव हट्टी खरा, पण कुणी बोलायला आलं तर ऐकून घेई. दरबारात उभी राहून येसू म्हणाली, "महाराज, राज्यात उपाशी माणसं आहेत."

प्रधान हसला. "मुली, हिशेब मी स्वतः तपासलाय."

"हिशेब बरोबरच असेल. माणसंही उपाशीच आहेत."

"हे कसं?" राजा म्हणाला. "एक तर हिशेब खोटा, नाही तर तू."

"दोन्ही खरं आहे, महाराज."

राजाच्या कपाळाला आठी पडली. "मग दाखव उपाशी माणूस. पण प्रधानजींच्या हिशेबात एका भाकरीचा फरक पडता कामा नये. आणि उपाशी म्हणून दाराशी येणारे आम्ही पुष्कळ पाहिलेत. त्यातले निम्मे ढेकर देत परत जातात. मला असा माणूस हवा, ज्याच्या शब्दावर या दरबारात कुणी शंका घेणार नाही. जमलं तर कोठार उघडतो. नाही जमलं तर तुझ्या वाडीने ते भरून द्यायचं."

वाडीकडे होतं काय भरायला? येसूने दरबारावर नजर फिरवली. गुबगुबीत सरदार बसले होते. दाराशी राजाचा मल्ल धोंडीबा उभा होता, आणि त्याचं सगळं लक्ष मुदपाकखान्यातून येणाऱ्या वासाकडे होतं.

"उद्या दुपारची पंगत मला वाढू द्या," येसू म्हणाली. "आणि पंगतीला या पैलवानदादांनाही बसवा."

दुसऱ्या दिवशी दहा पानं मांडली. राजा, प्रधान, सात सरदार आणि त्यांच्यात कसाबसा मावलेला धोंडीबा. येसूने भाकऱ्यांची दुरडी प्रधानापुढे धरली. "मोजून घ्या, प्रधानजी."

प्रधानाने मोजल्या. "दहा माणसं, वीस भाकऱ्या. दर माणशी दोन. चोख."

येसू राजाच्या पानावरून पुढे गेली. प्रधानाच्या पानावरून पुढे गेली. थेट धोंडीबापाशी थांबली आणि सगळी दुरडी त्याच्या पानात रिकामी केली. वर पिठलंही त्यालाच वाढलं. धोंडीबाने एकदा राजाकडे पाहिलं, एकदा भाकऱ्यांच्या चळतीकडे. मग अन्नाला हात जोडले आणि खाली मान घालून जेवायला लागला.

बाकीचे कोऱ्या पानांपुढे बसून राहिले. शेवटी राजा म्हणाला, "मुली, आमच्या पानात काही नाही."

"असं कसं होईल, महाराज? प्रधानजी, महाराजांच्या वाट्याला किती भाकऱ्या आल्या?"

प्रधानाने राजाच्या कोऱ्या पानाकडे पाहिलं. "हिशेबाने... दोन."

"मग महाराज जेवले."

तेवढ्यात धोंडीबाने विसावी भाकरी संपवली आणि अशी ढेकर दिली की समया हलल्या.

"जेवले कसले?" राजा गरजला. "मी उपाशी आहे!"

येसूने दुरडी खाली ठेवली आणि पंगतीला विचारलं, "महाराजांच्या शब्दावर कुणाला शंका आहे का?"

सगळ्या माना भराभर 'नाही' म्हणून हलल्या. राजाच्या मिशा थरथरल्या. रागाने की हसू दाबल्याने, ते कळेना. पण हट्टी तो हट्टीच.

"कोठार उघडेल," तो म्हणाला. "पण मग मोजायचं कसं, तेही सांग. श्रीमंताला विचारलं तर कराच्या भीतीने तो रडतो. गरिबाला विचारलं तर लाजेने तो हसतो. खरं सांगणार कोण?"

येसूने जरा विचार केला. "महाराज, कारकुनानं माझ्या बापाला विचारलं. घरात तो आधी जेवतो. माझी आई दाराआड उभी होती. तिला कुणी विचारलंच नाही."

"तिला काय विचारायचं?"

"काहीच नका विचारू. घरात शेवटी जेवतं कोण, तेवढं बघा. तिचं पान मांडलं की शेजारी बसा, आणि टोपलीत काय उरलंय ते मोजा."

राजा हसायला लागला, तो फेटा तिरका होईपर्यंत हसला. त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून येसूच्या हातात घातलं. "प्रधानजी, कोठार उघडा. कारकून पुन्हा धाडा, आणि ते कसे मोजतात यावर ही मुलगी नजर ठेवील. तुम्हीही जा त्यांच्याबरोबर. ज्या घरी उतराल, तिथली बाई जेवल्यावरच तुम्ही जेवायचं."

मग पोटावर हात ठेवून तो येसूकडे वळला. "आणि पोरी, मला आता दोन भाकऱ्या वाढ. हिशेबातल्या नकोत, पानातल्या."