ओतोराला कोण भितं?

फार पूर्वी जपानातल्या एका डोंगरावर ओतोरा नावाची मांजर इतकी म्हातारी झाली, की तिच्या शेपटीला फाटा फुटला आणि ती भूत बनली. तिची सावली जरी दिसली, तरी गाव दारं लावून घ्यायचं.

मग ती शंभर वर्षं झोपली. उठून गावात उतरली, तर दुकानादुकानांत दोन शेपट्यांच्या कापडी मांजरी टांगलेल्या! एका मुलीने तिलाच उचलून कवटाळलं. “आई, ही तर गुरगुरतेसुद्धा! घेऊया ना!”

ओतोरा कशीबशी सुटून पळाली. वाटेत एक उंदीर तिला बघून थरथर कापू लागला.

“मला भितोस?” तिने विचारलं.

“भितो ना, मावशी!”

ओतोराला भरून आलं. भूक सपाटून लागली होती. पण याला खाल्लं, तर भ्यायला उरणार कोण?

“उद्या पुन्हा ये,” ती म्हणाली, “आणि असाच घाबरून दाखव.”