गॅरंटी संपलेला ओव्हन

माणसांची पाठ वळली की भांडीकुंडी गप्पा मारत, त्या काळची गोष्ट. मालिनीकाकूंच्या ओट्यावर एक म्हातारा ओव्हन होता. त्याच्या दाराचं रबर सैल पडलं होतं आणि डावी बाजू जास्त तापायची. शेजारचा नवाकोरा मिक्सर तोऱ्यात म्हणायचा, "मला पाच वर्षांची गॅरंटी आहे. तुला कोण विचारतो?"

ओव्हन धास्तावला. आपलं म्हातारपण कुणाला कळू नये म्हणून दिवाळीत तो जिवाच्या आकांताने तापला, आणि नानकटाई करपली.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. "काकू, याची गॅरंटी केव्हाच संपली. रबरही मिळायचं नाही. भंगारात द्या."



"माझे गुडघे दुखतात, म्हणून मला भंगारात द्याल का?" काकू म्हणाल्या. "दुसरं कुठलं तरी रबर कापून बसवा. हा डावीकडे तापतो, म्हणून निम्मं भाजलं की मी ट्रे फिरवते. काल फिरवायच्या आधीच हा पेटला!"

ट्रे फिरवणं ही काकूंची खोड आहे, असंच ओव्हनला इतकी वर्षं वाटत होतं.

पुढच्याच आठवड्यात मिक्सरची मोटार जळाली. कंपनीचा माणूस त्याला खोक्यात घालून घेऊन गेला आणि हुबेहूब तसाच दुसरा ठेवून गेला.

"मला पाच वर्षांची गॅरंटी आहे," नवा मिक्सर म्हणाला.

ओव्हन बेताने तापत राहिला. नानकटाई निम्मी भाजून झाली होती, आणि गुडघ्यावर हात टेकत काकू उठत होत्या.