इनासची हाक

फार वर्षांपूर्वी, आज धक्का आहे तिथं नुसता चिखल होता तेव्हा, आमच्या खाडीवर इनास नावाडी होता. त्याच्या होडीचं एक वल्हं त्याच्या हाती, दुसरं पास्कूच्या. दोघं एका ताटात जेवत. असं म्हणतात, भरतीसुद्धा इनाससाठी थांबायची. आता आपला माणूस थोडा मोठा करून सांगायची गावाला खोड आहेच.

एका वर्षी पलीकडच्या काठावर पटकीची साथ आली. वैद्य मात्र अलीकडे. किल्लेदारानं दवंडी पिटली, आजाऱ्याला इकडे आणील त्याला कोठडीत डांबू. तरी इनास माणसं आणत राहिला.

पास्कूच्या घरात तान्हं लेकरू होतं. साथ घरात शिरेल या भीतीनं तो किल्ल्यावर गेला. शिपाई परगावचे होते, आणि नावाडी डोक्यावरून घोंगडी घेऊन बसत. पास्कू म्हणाला, "मी ज्याच्या हातात माझं वल्हं देईन, तो इनास."

संध्याकाळी त्यानं वल्हं दिलं. शिपायांनी इनासला धरलं. धरून द्यायला आलेल्या यूदासलाही प्रभूनं 'गड्या' म्हटलं, हे इनासनं देवळात ऐकलं होतं. तो म्हणाला, "गड्या, दोन्ही वल्ही ने. एकानं होडी नुसती गोल फिरते."

पास्कूला घरी तोंड दाखवता येईना. पलीकडे जाऊन त्यानं होडी सोडून दिली आणि तिवरांच्या झाडीत लपला. लोक म्हणाले, तिथंच मरू दे.

इकडे, असं म्हणतात, खाडी किल्ल्याची भिंत चढली आणि ती रिकामी होडी कोठडीच्या खिडकीला येऊन लागली, आणि इनास तीत उतरला. सकाळी ओली भिंत पाहून किल्लेदारानं दवंडी मागे घेतली.

इनासची बायको नातालीन काठावर उभी होती. "आधी घरी या, भाकरी निवते," ती म्हणाली.

"दोघांची वाढ," म्हणत इनासनं होडी तिवरांकडे वळवली. "पास्कू, ये रे गड्या, भाकरी निवते." हाका मारून त्याचा घसा बसला. शेवटी चिखलानं माखलेला पास्कू बाहेर आला आणि आपल्या वल्ह्यावर बसला. मला विचाराल तर खरा चमत्कार हाच. भिंत काय, पाणी कधीही चढेल.

अजूनही पवित्र गुरुवारी, म्हणजे यूदासनं प्रभूला धरून दिलं त्या दिवशी, देवळातून निघून गाव खाडीवर जातं. वर्षभर ज्यांचं वाकडं असेल, त्या दोघांना एका होडीत बसवून एकेक वल्हं देतात. होडी आधी गोल फिरते, पोरं हसतात, मग कधीतरी ती सरळ होते. पलीकडे पोचल्यावर दोघं तिवरांकडे तोंड करून हाक मारतात, "ये रे गड्या, भाकरी निवते." तिथं कुणी नसतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

गेल्या वर्षी दुसऱ्या वल्ह्यावर माझा थोरला भाऊ होता. आता तो दर रविवारी जेवायला येतो.