साळूचे पाच काटे

डोंगर अधूनमधून अंग झटकत, त्या काळी हादऱ्यांचं मोजमाप साळूकडे होतं. हादरा जेवढा मोठा, तेवढे खडे ती मांडायची. ढीग बघून सगळेच कंटाळले. मग ठरलं, की हादरा दहापट झाला की साळूने अंगावरचा एकच काटा जास्त रोवायचा.

एकदा तीन काट्यांचा हादरा बसला. एक बीळ बुजलं, ते दोन मुंगसांनी मोकळं केलं.

पुढे पलीकडच्या डोंगरावरून निरोप आला, "पाच काटे!" सशाची बहीण तिथेच नांदत होती.

"दोनच काटे जास्त," ससा म्हणाला. "चार मुंगसं पाठवा."

"अरे, दोन काटे म्हणजे शंभरपट! सगळेच चला," साळू म्हणाली.

"उगाच बाऊ करू नकोस."

संध्याकाळी चौघं परतली.

"बिळं मोकळी झाली?" सशाने विचारलं.

"डोंगरच सापडला नाही," थोरलं मुंगूस म्हणालं.

तेव्हापासून ससा खडे वेचतो आहे. त्या हादऱ्याचा ढीग अजून पुरा झालेला नाही.