माझे स्पीकर, आणि स्मॉल?

आवाजातलं मला जे कळतं ते आमच्या साडूला कळत नाही, हे सिद्ध करायलाच मी त्याला चहाला बोलावलं होतं. टीव्हीच्या दोन बाजूंना माझे नवे स्पीकर आणि कोपऱ्यात लहानशा तिजोरीएवढा सबवूफर. घुमणारा, जाडजूड आवाज काढायचं काम त्याचं. मी ऐटीत तबलावादनाची सीडी लावली. डग्गा असा वाजला, की कोणी बिस्किटाचा पुडाच थोपटतंय. सबवूफर मुकाट.

"छान आहे," साडू म्हणाला. "यावर कुंडी ठेवता येईल."

मी रिमोट दाबून दाबून घामाघूम झालो. माझी बायको नयना पडद्यावरचा मेनू वाचत होती.

"इथे स्पीकर 'लार्ज' केलेत. 'स्मॉल' केले तर?"

"तर ऐंशी हर्ट्झखालचा सगळा जड आवाज सबवूफरकडे जातो. पण माझ्या स्पीकरना मी स्मॉल म्हणू? पाहुण्यांसमोर?"

"त्यात काय? एरवी या घरात तुमच्याएवढं मोठं कोणी नसतं. पण गॅसचा सिलिंडर आला की तुमची कंबर नाजूक होते आणि तो आत मी ओढते. जड काम दुसऱ्यावर ढकलायचं तर आधी लहान व्हावं लागतं, हे तुम्हाला मी शिकवू?"

मी 'स्मॉल'चं बटण दाबलं. डग्गा असा घुमला की साडूचा कप बशीत खुळखुळला.

"वा!" सबवूफर थोपटत तो म्हणाला. "याची कंबर कशी आहे, विचारलंत का?"

आता माझे स्पीकर स्मॉल आहेत. सिलिंडर मी ओढतो, आणि नयना सोफ्यावरून तबला ऐकता ऐकता म्हणते, "कंबर जपा हं!"